सुजाताबाईंची ह्यूस्टनची विपश्यना

अमेरिकेतल्या पिस्कॅटवे गावच्या आपल्या मंडळींत सुजाताबाई मेश्राम यांच्याइतकी ध्यानात पोचलेली बाई दुसरी नाही, असं एकेकाळी सगळे मानत. एकेकाळी म्हणजे फार मागे नाही, गेल्या बुद्धपौर्णिमेच्या आधीपर्यंत. वर्षातून चार-पाच वेळा बाई बॅग भरायच्या, मुलाला सांगायच्या, "दहा दिवस मी नाही, फोन बंद राहील," आणि विपश्यनेला निघायच्या. दहा दिवस बोलणं नाही, फोन नाही, कुणाच्या नजरेला नजर नाही. बाकीच्या मंडळींना रविवारी विहारात दहा मिनिटंसुद्धा बसवत नसे. मधेच कुणाचा गुडघा बोलायचा, मधेच कुणाचं व्हॉट्सॲप.

आणि परत आल्यावर बाईंचं रूप काय वर्णावं! एक पाऊल टाकायच्या, थांबायच्या, मग दुसरं. हाक मारली तर लगेच ओ नाही, जरा वेळानं, शांतपणे, "काय म्हणालास बाबू?" दुपारी सोफ्यावर पाठ ताठ आणि डोळे मिटलेले. विहाराच्या कमिटीचे अध्यक्ष रामभाऊ वासनिक लोकांना दाखवून म्हणायचे, "बघा. याला म्हणतात समता. ही आतून येते."

आतून काही येत नव्हतं. पाय सुजलेले असायचे आणि दोन्ही गुडघे नवे बसवलेले, म्हणून चाल हळू. दहा रात्री स्पीकरच्या भिंतीला लागून काढल्यामुळे कानात शिट्टी वाजत असायची, म्हणून ओ उशिरा. आणि सोफ्यावर बाई चक्क झोपलेल्या असायच्या. ताठ बसून झोपायची कला त्यांना नागपुरात लग्नसराईच्या दिवसांत शिलाई मशीनवर साधली होती.

कारण बाई विपश्यनेला जातच नव्हत्या. बाई कामाला जायच्या. कधी ह्यूस्टन, कधी लास वेगास, कधी मायामी. आणि काम असायचं नाचणाऱ्या पोरींच्या क्लबात. कपडे काढून नाचतात, त्या क्लबात. दचकू नका. बाईंचं काम कपडे चढवायच्या बाजूचं होतं.

हे जमलं कसं, ते सांगायला हवं. नागपूरला इंदोऱ्यात बाईंचं ब्लाउज शिवायचं छोटं दुकान होतं. नवरा गेल्यावर मुलगा धम्मदीप त्यांना इकडे घेऊन आला. धम्मदीप सॉफ्टवेअरमध्ये, सून उपासनाही सॉफ्टवेअरमध्ये, नात हर्षिता सातवीत आणि तिचं सगळं बोलणं इंग्रजीत. घर चांगलं, माणसं चांगली, आणि बाईंच्या वाट्याला काम म्हणाल तर डिशवॉशर भरणं. तोही उपासना मागाहून पुन्हा लावायची. "आई, तुम्ही आराम करा ना," हे वाक्य दिवसातून इतक्यांदा कानावर पडायचं, की बाईंना आराम या शब्दाचाच संताप यायला लागला. शेवटी भांडून त्यांनी आयसेलिनला, ओक ट्री रोडवरच्या एका साडीच्या दुकानात, मागच्या खोलीत फॉल-पिको आणि ब्लाउज दुरुस्तीचं काम धरलं.

तिथं एका दुपारी डोना आली. उंच, गोरी, दंडावर गोंदलेला वाघ, हातात कागदी पिशवी आणि पिशवीत मूठभर चमकणारं कापड. दोन टेलरांनी आधीच हात वर केले होते. बाईंनी ते कापड टेबलावर पसरलं, उलटंपालटं केलं आणि त्यांच्या इंग्रजीत विचारलं, "बाकीचं कुठं आहे?"

"एवढंच असतं," डोना म्हणाली.

बाईंनी चष्मा वर केला, डोनाकडं पाहिलं, मग पुन्हा कापडाकडं पाहिलं आणि त्यांना कळायचं ते कळलं. दुसरी कुणी असती तर पदर सावरून उठली असती. बाईंना मात्र शिवणकामाचा प्रश्न दिसला. साडीवाल्या बायकांना वाटतं, हूक कधीच निघू नये. डोनाला हवं होतं, हूक वेळेवर निघावा आणि वेळेआधी निघू नये. बाईंनी आतून पट्टी लावली, हुकांची तोंडं फिरवून बसवली आणि म्हणाल्या, "आता एका बोटानं निघेल. पण तुझ्याच बोटानं."

डोना पुढच्या आठवड्यात अजून पाच पिशव्या घेऊन आली.

डोना ही फिरती नाचणारी. हा धंदा असा की गर्दी सरकते तशा पोरी सरकतात. एखाद्या शहरात मोठं अधिवेशन, मोठी मॅच, बोटींचं प्रदर्शन असलं की तिथले क्लब बाहेरगावाहून पोरी बोलावतात, आठ-दहा दिवस एका घरात ठेवतात, काम झालं की ज्या त्या आपापल्या गावी. पोरी वाढल्या की ड्रेसिंग रूममध्ये जास्तीची बाई लागते. तिला म्हणतात हाऊस मॉम. पोरींचं तुटलंफुटलं शिवायचं, पापण्या चिकटवायच्या, टाचेला पट्टी लावायची, जेवल्या का बघायचं, रडायला लागल्या तर ऐकायचं आणि भांडायला लागल्या तर मधे उभं राहायचं. डोनानं विचारलं, "येतेस का?"

बाई म्हणाल्या, "म्हणजे बारशाच्या घरची मोठी काकू. येते."

प्रश्न होता तो घरी काय सांगायचं याचा. नागपूरला असताना बाई मैत्रिणींबरोबर एकदा खऱ्या शिबिराला गेल्या होत्या आणि चौथ्या दिवशी पोटात दुखतं म्हणून पळून आल्या होत्या. तेवढ्याशा भांडवलावर पुढची सगळी वर्षं निघाली. दहा दिवस फोन बंद आणि कुणी काही विचारायचं नाही, अशी सोय दुसऱ्या कुठल्या थापेत आहे?

ड्रेसिंग रूममध्ये गेल्यावर कळलं, की थापा मारणाऱ्या आपण एकट्याच नाही. ओहायोच्या एका पोरीच्या घरी वाटायचं, ती दातांच्या डॉक्टरांच्या परिषदांना जाते. एकीची मावशी वर्षातून सहा वेळा ऑपरेशनला जायची. ओसाकाची युमी होती. ती म्हणाली, आमच्या जपानात पण हेच. पोरी पंधरा दिवसांसाठी दुसऱ्या गावी जातात, तिथलं दुकान राहायची खोली देतं, आणि आईला सांगायचं, कंपनीचं ट्रेनिंग आहे. बाईंना फार बरं वाटलं. जगभर आया फसत होत्या. इथं एक आई स्वतःच फसवत होती, एवढाच फरक.

पोरी त्यांना मावशीच म्हणायच्या. मावशींनी राइस कुकर आणला, त्यात खिचडी लावली. ठेचा आणला, टेक्सासची एक पोट्टी तो खाऊन घळाघळा रडली, पण वाटी सोडेना. पहिल्यांदा पडद्याआडून स्टेजवरचा खांब आणि त्यावर उलटी लटकलेली डोना पाहिली तेव्हा मावशी बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "आमच्याकडे याला मल्लखांब म्हणतात. लंगोट लावलेले पोट्टे करतात आणि त्यांना कलेक्टरच्या हातून मेडल मिळतं."

"आम्हाला मेडल देत नाहीत," डोना घाम पुसत म्हणाली.

"मिळालं तरी लावशील कुठं?"

सगळं झकास चाललं होतं. दुखत होतं ते एकाच जागी. रविवारी विहारात पंचशील म्हणताना 'मुसावादा वेरमणी' आलं, म्हणजे खोटं बोलणार नाही, की बाईंना खोकला यायचा. दर रविवारी, नेमका तिथंच. उपासनानं दोनदा हळद-दूध करून दिलं. धुण्यात धम्मदीपच्या ऑफिसच्या शर्टांना चमकी लागायची, ती बाईंनी साडीच्या दुकानाच्या नावावर घातली. लोक मान देत होते त्याची बाईंना लाजच वाटायची, तो उद्या गेला तरी दुःख नव्हतं. धास्ती एकच होती. हे उघडं पडलं तर धम्मदीप काम सोडवेल, आणि मग पुन्हा तो सोफा, तो डिशवॉशर आणि "आई, आराम करा."

आणि अशात रामभाऊंनी ठराव मांडला.

रामभाऊ केमिकल कंपनीतून रिटायर झालेले इंजिनियर. ठराव मांडल्याशिवाय त्यांना चहा पचत नसे. विहार म्हणजे शाळेचा भाड्यानं घेतलेला हॉल. तिथं खुर्च्या कशा लावायच्या यावरही त्यांनी ठराव केला होता. त्या रविवारी ते उठले आणि म्हणाले, "या बुद्धपौर्णिमेला सामूहिक ध्यान सुजाताताई घेतील, असा ठराव मी मांडतो."

टाळ्या. बाई म्हणाल्या, "रामभाऊ, मला नाही येत ते."

"बघा! ज्याला येतं तो असंच म्हणतो." पुन्हा टाळ्या. "आणि धम्मदीप सांगत होता, त्याआधी तुमचं शिबिर टेक्सासला आहे. ह्यूस्टनचं तिकीट आहे ना?"

"आहे, पण…"

"पण नाही न् बिण नाही. आमची संघमित्रा ह्यूस्टनजवळ शुगर लँडलाच आहे. ती तुम्हाला एअरपोर्टवरून घेईल आणि थेट सेंटरच्या दारात सोडेल. तुमची सेवा घडली तर तिचंही भलं होईल. घटस्फोटापासून फार चिडचिड करते."

"अहो, सेंटरची गाडी येते मला घ्यायला!"

"कॅन्सल करा," रामभाऊ म्हणाले आणि खाली बसले. ठराव मंजूर झाला होता.

ह्यूस्टनला तेव्हा तेलवाल्या कंपन्यांची मोठी परिषद होती. विमानतळाच्या बाहेर पाय टाकला की कुकरचं झाकण उघडल्यासारखी वाफ तोंडावर यायची. बाईंनी विचार केला होता की बाहेर पडायचं, संघमित्रा दिसली की म्हणायचं, सेंटरची गाडी उभी आहे बघ, आणि डोनाच्या गाडीत चढायचं. पण बॅग यायच्या पट्ट्याजवळच संघमित्रा हजर. चाळिशीची, केस कापलेली, पायात डॉक्टरी बूट. ती पायांचीच डॉक्टर होती. वाकून नमस्कार करताना तिनं बाईंच्या घोट्याची सूज दाबूनसुद्धा पाहिली.

"जय भीम मावशी. किती सुजलेत पाय! चला."

"जय भीम, बाई. अगं, सेंटरची गाडी येते…"

"मी फोन करून विचारलं. अशी काही गाडीच नसते म्हणाले." तिनं बॅग उचलली. "बापरे, काय भरलंय? ध्यानाला एवढं काय लागतं?"

बॅगेत होते हूक, इलॅस्टिक, पापण्यांचा गोंद, दोन्हीकडून चिकटणारी पट्टी, दोन राइस कुकर आणि ठेच्याची बरणी. बाई म्हणाल्या, "उशी आहे बसायची."

सेंटर ह्यूस्टनपासून चार तासांवर. चार तासांत बाईंनी खरं सांगायला निदान सहा वेळा तोंड उघडलं, पण संघमित्रा बोलत होती. घटस्फोटापासूनच्या चार वर्षांत कुणाशी बोलली नसेल तेवढं ती त्या रस्त्यावर बोलली: नवऱ्याबद्दल, पेशंटबद्दल, बाबा फोनवर फक्त ठराव वाचून दाखवतात त्याबद्दल. आणि मधेमधे म्हणायची, "तुमच्यापाशी बोललं की कसं हलकं वाटतं मावशी. तुम्ही मधे बोलत नाही ना." बाईंच्या कानात शिट्टी वाजत होती. डोनाला त्यांनी एका पेट्रोल पंपाच्या बाथरूममधून मेसेज केला होता, की अडकले, येते. कशी येणार ते लिहिलं नव्हतं, कारण माहीत नव्हतं.

सेंटर म्हणजे मोठमोठी झाडं, खडीचा रस्ता आणि अशी शांतता की स्वतःच्या चपलेचा आवाज ऐकून ओशाळं व्हावं. टेबलामागं एक म्हातारी अमेरिकन बाई बसलेली, कुजबुजल्यासारखी बोलत होती. तिनं नावं पाहिली, पुन्हा पाहिली. मेश्राम नाव नव्हतं.

संघमित्रा तडकली. "असं कसं? यांनी पंधरा-वीस शिबिरं केलीत. मावशी, सांगा यांना, कुठं कुठं केलीत?"

म्हातारीनं अदबीनं कॉम्प्युटरवर मागची सगळी वर्षं शोधली. तिथंही नाव नव्हतं. संघमित्रा बाईंकडं वळली. तिच्या कपाळावर आठी आली, पण बाई खोटं बोलत असतील हे काही तिच्या डोक्यात शिरेना. बापानं बाईंची कीर्तीच तेवढी सांगितली होती. तेवढ्यात म्हातारी हसून म्हणाली, "पण हरकत नाही. एका बाईंचं येणं आज सकाळीच रद्द झालंय. एक जागा आहे. तुम्हाला बसायचं असेल तर बसा. फक्त फोन इथं जमा करायचा." आणि तिनं एक वेताची टोपली पुढं सरकवली.

"बघा!" संघमित्रा म्हणाली. "निघाला ना मार्ग!"

मार्ग म्हणजे काय, सरळ हायवेच होता. फोन टोपलीत टाकायचा आणि दहा दिवस गप्प बसायचं. बस्स. सगळी वर्षं मारलेली थाप दहा दिवसांत धुतली गेली असती. रामभाऊ खुश, धम्मदीप खुश, पौर्णिमेला सांगायला चार खऱ्या गोष्टी. म्हातारीनं जुन्या शिबिरांचा पुरावा मागितला नव्हता, पैसा मागितला नव्हता. बाईंनी फोन हातात घेतला, टोपलीपर्यंत नेला, आणि फोन वाजला.

डोना.

वाजू द्यायचा आणि तसाच टोपलीत टाकायचा, एवढंच करायचं होतं. बाई त्या फोनकडं बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांपुढं आली ती ड्रेसिंग रूम: सतरा पोरी, एक आरसा, आणि सुईत दोरा ओवता येणारं माणूस एकही नाही. त्यांनी बोट फिरवलं. कानामुळं त्यांचा फोन कायम स्पीकरवर असायचा.

"मावशी! कुठं मेलीस?" डोनाचा घोगरा आवाज त्या शांततेत असा घुसला की झाडावरचा पक्षीही उडाला. "युमीच्या चड्डीचा पट्टा तुटलाय, रात्री पहिला नाच तिचाच आहे, आणि ती मूर्ख स्टेपलर मारायला निघालीये!"

"स्टेपलर काढून घे तिच्या हातातून," बाई म्हणाल्या. "कुणी काही शिवू नका. मी येऊन राहिली."

फोन पर्समध्ये ठेवून त्यांनी टेबलामागच्या म्हातारीला हात जोडले. "जागा दुसऱ्या कुणाला द्या बाई. मला काम आहे."

मग संघमित्राला बाहेर एका झाडाखाली नेलं आणि सगळं सांगितलं, पहिल्या पिशवीपासून. काही लपवलं नाही, काही सजवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "तुला चार तास उगाच गाडी हाकायला लावली, त्याची माफी माग म्हणशील तर मागते. कामाची नाही मागणार. आता मला बसस्टॉपवर सोड, मी जाईन माझी."

संघमित्रानं किल्ली काढली. गाडीत बसली, बाईंच्या बाजूचं दार उघडलं. मग तासभर त्या गाडीत कुणी एक शब्द बोललं नाही, कुणी कुणाकडं पाहिलं नाही. खरी विपश्यना झाली ती तिथं.

मधे गाईंची एक लांबलचक रांग मागे गेली तेव्हा संघमित्रानं विचारलं, "किती इंची?"

"काय?"

"टाचा. त्या पोरींच्या सँडलच्या टाचा."

"सात. कुणाकुणाच्या आठ."

"आठ!" संघमित्रानं स्टिअरिंगवर हात आपटला. "आणि त्या किती तास उभ्या असतात? अंगठ्याची हाडं वाकली असतील! कुणी बघतं का पाय त्यांचे?"

"मी हळद लावते."

"हळद!" ती बाईंच्या अंगावर इतकी ओरडली, की बाईंना कळलं, आता भीती नाही.

संध्याकाळी क्लबाच्या मागच्या दारातून दोघी आत शिरल्या. "थांब," बाई म्हणाल्या. "इथले नियम आहेत. खुर्चीवर टॉवेल टाकल्याशिवाय बसायचं नाही. फोटो काढायचा नाही. आणि फोन इथं ठेवायचा." दाराशी स्टुलावर टोपली होती, प्लास्टिकची. संघमित्रानं टोपलीकडं पाहिलं, बाईंकडं पाहिलं आणि दिवसभरात पहिल्यांदा हसली.

आत हेअर स्प्रेचा ढग, भिंतीपलीकडून धाडधाड वाजणारं काहीतरी, आणि "मावशी आली, मावशी आली!" बाईंनी चष्मा लावला, दोरा ओवला, युमीला स्टुलावर उभं केलं. डोना पायाची पट्टी सोडवत बसली होती. संघमित्रा तिच्यासमोर उकिडवी बसली आणि परवानगी न विचारता तिचा पाय मांडीवर घेतला. "किती दिवसांपासून दुखतंय?" थोड्या वेळानं तिथं पायांची रांग लागली. एकीला ती झापत होती, "पुन्हा हे बूट घातलेस तर मी स्वतः कापून टाकीन," आणि ती पोरगी मान खाली घालून "हो मॅडम" म्हणत होती.

तेवढ्यात टोपलीतला फोन वाजला. संघमित्रानं उठून पाहिलं. "बाबा." तिनं बाईंकडं पाहिलं. "सांगू पोचल्या म्हणून? खोटं नाही ते. पोचल्याच आहात. फोन पण जमा केलाय."

आता या वाक्यात पकडायला काही नव्हतं. बाईंनी तोंडातली सुई काढली. "नको. दे इकडं." त्यांनी स्पीकर लावला. "जय भीम रामभाऊ. सुजाता बोलते."

"जय भीम, जय भीम! अहो, बोलताय कशा तुम्ही? मौन नाही सुरू झालं? आणि हे धाडधाड काय वाजतंय?"

"क्लब आहे, रामभाऊ. मी विपश्यनेला आली नाही. कधीच नव्हती जात. मी इथं नाचणाऱ्या पोट्ट्यांचे कपडे शिवते. तुमची पोरगी त्यांचे पाय बघून राहिली. पौर्णिमेचं ध्यान दुसऱ्या कुणाला द्या. आणि धम्मदीपला मीच सांगते, आत्ता, तुमच्या मागोमाग. तुम्ही नका सांगू."

पलीकडं कप बशीवर आपटला. मग, "हॅलो? हॅलो? सुजाताताई, आवाज तुटतोय हं तुमचा. हॅलो?"

"माझा आवाज येऊन राहिला ना तुम्हाला?"

"नाही, काहीच ऐकू येत नाही," रामभाऊ म्हणाले आणि फोन ठेवला.

दहा दिवसांनी धम्मदीप न्यूअर्कच्या एअरपोर्टवर घ्यायला आला. बॅग उचलली, गाडी काढली, गाणं लावलं, गाणं बंद केलं. टोलनाका मागे पडल्यावर त्यानं समोर बघत विचारलं, "आई, तू तिथं फक्त शिवतेस ना?"

"नाही. नाचते. खांबावर उलटी लटकते. गुडघे कशाला बदलून घेतले मी?"

"आई, यार!"

"मग विचारतोस काहून?"

घरी उपासना दारातच होती. ती सासूकडं बघत राहिली आणि म्हणाली, "तरी म्हटलं, विपश्यनेच्या कपड्यांतून चमकी कशी निघते." हर्षिता जिन्यावरून म्हणाली, "आजी, दॅट इज सो कूल," आणि तिला एकदम दोघांनी खोलीत जायला सांगितलं. मग धम्मदीपनं घसा साफ केला. बास झालं, म्हणाला. लोक काय म्हणतील, म्हणाला. काय कमी आहे तुला, म्हणाला.

"काम कमी आहे," बाई म्हणाल्या. "इंदोऱ्यातलं दुकान बंद कर म्हणून तुझा बाप पण आला होता माझ्यापाशी. सहा महिने त्याच्या पँटी बाहेरून शिवून घ्याव्या लागल्या त्याला. पुढच्या महिन्यात मायामी आहे. तिकीट काढलंय."

धम्मदीपनं आधारासाठी बायकोकडं पाहिलं. उपासना डिशवॉशर भरत होती. ती म्हणाली, "आई, यावेळी फोन चालू ठेवा. म्हणजे मला कळेल, जेवलात का ते." धम्मदीप दोघींकडं आळीपाळीनं बघत राहिला, आणि मग गाडीतली बॅग आणायला गेला. ती त्यानं आधीच आत आणली होती.

बुद्धपौर्णिमेला बाई विहारात गेल्या त्या शेवटच्या रांगेत बसल्या. बातमी पोचली होतीच. ज्या बायका पूर्वी पाया पडायच्या त्यांना आता एकदम आपापल्या पर्सेसमध्ये काहीतरी शोधायचं होतं. ध्यान कुणी घ्यायचं यावर नवा ठराव झाला होता आणि ध्यान रामभाऊंनी स्वतःकडंच घेतलं होतं. ते पुढं बसले, डोळे मिटले, आणि पाचव्या मिनिटाला त्यांच्या घशातून असा आवाज यायला लागला की पहिल्या रांगेतली पोरं हसून लोळली. पण त्याआधी पंचशील झालं होतं. 'मुसावादा वेरमणी' आलं, आणि बाई ते मोठ्यानं, सलग, एका दमात म्हणाल्या. उपासनानं वळून पाहिलं.

खिरीच्या रांगेत बाईंच्या मागं प्रमिलाबाई उभ्या होत्या. यवतमाळच्या, विहारात कुणाशी फारशा न बोलणाऱ्या. त्या आधी खिरीकडं बघत राहिल्या, मग पुढं सरकून हळूच म्हणाल्या, "सुजाताताई, एक विचारू? रागावू नका."

बाई ताठ झाल्या. "विचारा."

"त्या पोट्ट्या तिथं खातात काय?"

"मी असली तर खिचडी. नाहीतर पिझ्झा."

"रोज?"

"रोज."

"अरे बाप्पा." प्रमिलाबाईंनी वाटी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "माझ्या भाकरी बऱ्या होतात. सगळे म्हणतात. इथं सुनेला ज्वारी चालत नाही." मग इकडंतिकडं पाहून, "मायामीला गरमी फार असेल नाही?"

"असते. पण समुद्र आहे."

"आणि घरी… घरी काय सांगता हो तुम्ही?"

"काम आहे म्हणते. जे आहे ते सांगायचं."

प्रमिलाबाईंनी यावर मनापासून विचार केला. रांग दोन माणसं पुढं सरकली. मग त्यांनी मान हलवली.

"नको ताई," त्या म्हणाल्या. "मी आपलं विपश्यनाच सांगीन."

आणि सुजाताबाईंना, इतक्या दिवसांनी पुन्हा, खोकला आला.